केले की केलं, आणि त्यामागून येणारे प्रश्न

तुमचं पत्र आणि सोबतच्या तिन्ही कथा वाचल्या. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कथा सुरू कुठून करायची, 'केले' लिहायचं की 'केलं', गावाकडच्या माणसांच्या तोंडी बोली किती घालायची, संवाद नाटकी का वाटतात, एक कथा किती वेळा लिहायची, आणि पाठवलेली कथा कोणी ढापली तर काय. एका दिवाळी अंकासाठी मी 19 वर्षं कथा निवडल्या, स्वतःही लिहिते. हेच सहा प्रश्न दर उन्हाळ्यात येतात, बहुतेक याच क्रमानं. मी मात्र दुसऱ्यापासून सुरू करते. तो सगळ्यांना शुद्धलेखनाचा प्रश्न वाटतो आणि तो तसा नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनानं 1962 साली मान्य केले तेव्हा ते 14 होते, 1972 साली त्यांत आणखी चार आले. त्यांतला एक नियम नेमका याबद्दल आहे. 'करणं', 'केलं', 'फुलं' अशी बोलण्यातली रूपं लिहायची झाली तर त्या अक्षरावर शीर्षबिंदू, म्हणजे अनुस्वाराचं टिंब, द्यावा, एरवी 'करणे', 'केले', 'फुले' असं एकारान्त लिहावं, असा त्याचा आशय. म्हणजे नियमाच्या पुस्तकात दोन्हींना जागा आहे. मुद्रितशोधक तुमची यातून सुटका करू शकत नाही, कारण ठरवायचंय ते वेगळंच: गोष्ट सांगणारा कुठे बसलाय आणि कोणाला सांगतोय. 'त्याने दार उघडले' म्हणणारा खुर्चीत बसलाय, समोर चार अनोळखी माणसं आहेत. 'त्यानं दार उघडलं' म्हणणारा कट्ट्यावर टेकलाय, ऐकणारा शेजारीच आहे. 'त्यानं दार उघडलंन्' म्हणणारी कोकणातल्या पडवीत सुपारी कातरतेय. दार एकच, उघडणाराही तोच.

तुमच्या पहिल्या कथेत तीन पानं 'केले' आहे आणि चौथ्यापासून 'केलं'. तुमच्या हे लक्षातही आलं नसेल. वाचणाऱ्यालाही नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण सांगणारा माणूस मध्येच उठून गेला आणि दुसरा येऊन बसला, असं त्याला वाटतं. माझा अंदाज, चौथ्या पानाला तुम्ही रंगात आलात. तसं असेल तर मागची तीन पानं चौथ्यासारखी करा, उलटं नको. 'केले'लाही त्याची जागा आहेच. तुमच्या दुसऱ्या कथेतला बँकेतला चौकशी अधिकारी स्वतःच्या बायकोबद्दलसुद्धा 'तिने सांगितले', 'मी ऐकून घेतले' अशाच भाषेत बोलला, तर त्याचा अख्खा स्वभाव त्यात येतो. तिथे 'केलं' करून मऊपणा आणू नका.

फक्त हे बदल संगणकाला करायला सांगू नका. एका लेखकानं आमच्या अंकाकडे कथा पाठवली होती, त्यात सगळे 'ले' एका फटक्यात 'लं' केले होते. 'पाहुणे आलं', 'आंबे पिकलं' इथपर्यंत मी हसले. पुढे 'लंकरू' आलं आणि शेवटी खुद्द 'लंखक'. अनुस्वार चढतो तो नपुंसकलिंगी रूपांवर, 'ने'च्या 'नं'वर आणि अशाच काही ठरावीक जागी. पाहुणे पुल्लिंगी अनेकवचनी, ते आलेच पाहिजेत. मराठी बोलणाऱ्याला हे कानानं कळतं, म्हणून एकेक वाक्य तोंडानं म्हणत बदला. वेळ लागेल. त्या वेळात आणखी चार चुका सापडतील.

आता सुरुवात. माझ्याकडे आलेल्या कथांपैकी किती कथा पहाटे, पावसात किंवा चहाच्या कपाशी सुरू झाल्या याचा मी हिशेब ठेवला नाही, ठेवायला हवा होता. पात्र खिडकीशी उभं राहतं, डोळ्यांसमोरून भूतकाळ सरकायला लागतो आणि दहा पानांनी चहा गार झालेला असतो. याच घाटाची एक सुरुवात मीच रचून दाखवते, म्हणजे कोणाला लागायला नको:

'सकाळची कोवळी उन्हे खिडकीतून आत येत होती. सुमतीबाई स्वयंपाकघरात चहा करत होत्या. त्यांचे मन मात्र भूतकाळात रमले होते. आज अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन येणार होता. तो घर विकण्याविषयी बोलणार होता.'

व्याकरणाची चूक एकही नाही. आता मोठ्यानं वाचा. होती, होत्या, होते, होता, होता. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेपटाला येतं, त्यामुळे वर्णन लांबलं की हे यमक आपोआप जुळतं आणि वाचणारा पेंगायला लागतो. शिवाय पाच वाक्यं झाली तरी कोणी काही केलेलं नाही. सगळं 'होत' आहे. तोच प्रसंग असाही लिहिता येईल:

'निखिलचा फोन साडेसातला येतो. आज सव्वासातलाच सुमतीबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि मोबाईल डब्यांच्या फळीवरून काढून ओट्यावर ठेवला. घराचा विषय आपण काढायचा नाही. त्यानं काढलाच, तर चहा उतू चाललाय म्हणायचं.'

अमेरिका गेली. सकाळी साडेसातला नेमानं फोन करणारा मुलगा कुठे असेल ते वाचणाऱ्याला पुढे कळेलच, घाई नाही. उन्हं गेली, भूतकाळ गेला. 'येतो' या साध्या वर्तमानकाळानं रोजचा नेम सांगून टाकला, त्यासाठी वेगळं वाक्य लागलं नाही. पण मला दाखवायचंय ते शेवटचं 'म्हणायचं'. 'असा विचार सुमतीबाईंनी मनाशी केला' असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी आपण त्यांच्या डोक्यात आहोत. 'काढायचा नाही', 'म्हणायचं', 'जायचं नाही', 'बघून घेऊ' ही आपण स्वतःशी बोलतानाची रूपं आहेत. ती निवेदनात सरळ घातली की अवतरणचिन्हं लागत नाहीत आणि 'मनात विचार आला की' हे शेपूट गळून पडतं. मराठीनं आपल्याला फुकट दिलेली ही सोय आहे आणि नवीन लेखक ती क्वचितच वापरतात. आणि गॅस सव्वासातलाच बंद केलाय. चहा उतू जाणारच नाही. ते मी कुठे सांगितलं नाही, सांगायचंही नाही.

'होता'ची रांग मोडायला इतरही मार्ग आहेत. क्रियापद पुढे आणा: 'आला तो थेट माजघरात.' क्रियापद गाळा: 'कोपऱ्यात दोन ट्रंका, एकीला कुलूप.' 'पुसत', 'बघून', 'निघताना' अशी रूपं वापरून दोन वाक्यं एकात घ्या. मात्र या युक्त्या लोणच्यासारख्या. पान भरून वाढल्या तर लेखक कसरती करतोय असं दिसतं.

बोलीचा प्रश्न तुम्ही विचारलात त्याचं मला जरा हसू आलं, राग मानू नका. तुमचं गाव लातूरकडचं असं पत्रात लिहिलंय. आणि तुमच्या कथेतली लातूरची आजी 'व्हय जी' आणि 'काय वं पावनं' म्हणते! ही आजी तुमच्या घरातली नाही, ती तमाशापटातून आलीय. मराठी कथेत एक 'सर्वसाधारण ग्रामीण' बोली तयार झालीय आणि ती महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावात बोलत नाहीत. वऱ्हाडातला माणूस 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणतो. मालवणी माणूस 'माका', 'तुका', 'खय' म्हणतो. खानदेशात अहिराणी बोलणाऱ्याचं 'मना' म्हणजे 'माझा', त्याचा मनाशी काही संबंध नाही. कोल्हापूरकडे बायकासुद्धा 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. हे ज्याला माहीत नाही तो संपादक ती चूक समजून दुरुस्त करतो. एका लेखिकेच्या कथेत मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी तसं केलं होतं. तिनं फोन करून मला जे सुनावलं ते तिच्या बोलीत होतं आणि अजून पाठ आहे. आणि तुमच्याकडे 'काय करायलास', 'जायलालो' म्हणतात, हो ना? मग आजीला ते म्हणू द्या.

किती घालायची, याचं माप माझ्यापुरतं असं: क्रियापदाचं रूप, सर्वनाम आणि ठेवणीतले दहा-बारा शब्द एवढं नेमकं सांभाळलं की बोली उभी राहते. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोडू नका. 'मानूस', 'पानी', 'कनीस' असं ओळीओळीत आलं की वाचणारा अडखळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लेखक पात्राला हसतोय असं वाटायला लागतं. 'ण'चा 'न' शहरातले सुशिक्षितही बोलताना करतात, त्यांच्या तोंडी मात्र कोणी तो छापत नाही. हा पंक्तिप्रपंच आहे.

आणि एकच माणूस दिवसभर एकाच भाषेत बोलत नाही. तुमची आजी सुनेशी एक बोलेल, तलाठ्यासमोर शब्द जपून टाकेल, पुण्याहून आलेल्या नातवाशी त्याला कळेल असं बोलायचा प्रयत्न करेल आणि मध्येच घसरेल. ती जिथे घसरते ती जागा पकडा. माझ्या मते बोलीचा कथेला सगळ्यात मोठा उपयोग हाच, गावाचा रंग वगैरे नंतर.

यातूनच संवादांकडे येते. संवाद नाटकी होतात याचं कारण बहुतेक वेळा माणसं एकमेकांशी न बोलता वाचकाशी बोलतात. 'सुधीर, तुला माहीतच आहे की बाबा गेल्यापासून आईची तब्येत बरी नसते.' सुधीरला माहीत आहे तर सांगतेस कशाला? त्याऐवजी 'आईनं आज पण गोळी थुंकली' एवढं म्हटलं तर पुरतं. दुसरं कारण नवीन आहे. परदेशी मालिकांखालची मराठी सबटायटल्स वाचून वाचून आपल्या पात्रांच्या तोंडी भलतीच भाषा आलीय. 'आपल्याला बोलायला हवं.' कोणत्या घरात असं म्हणतात? आपल्याकडे 'जरा इकडे ये' म्हणतात, आणि ये म्हणणाऱ्याच्या आवाजावरून समोरच्याच्या पोटात गोळा येतो. घरातल्या घरात कोणी कोणाला 'धन्यवाद' म्हणत नाही. निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. तुमच्या दुसऱ्या कथेत घर सोडून कायमची निघालेली बायको 'मी जाते' म्हणते. तिथे सवयीनं 'येते हं' निसटलं असतं तर? मी तो परिच्छेद वाचताना तिथेच थांबले होते.

इंग्रजी शब्दांची तुम्हाला भीती वाटते असं दिसतं. तुमचा रिक्षावाला 'ताण' म्हणतो. तो 'टेन्शन' म्हणेल. म्हणू द्या.

संवादातलं खरं हत्यार म्हणजे 'तू', 'तुम्ही' आणि हाका मारायचे शब्द. अनेक मराठी घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' असतं. बाप अंथरुणाला खिळतो, मुलगा त्याला कुशीवर वळवताना नकळत 'हात धर माझा' म्हणतो, आणि दोघंही क्षणभर गप्प होतात. यावर एक वाक्य जास्तीचं लिहायला नको. सून सासूला पूर्वी 'सासूबाई' म्हणायची, मग 'आई' आलं, आता कित्येक घरांत 'अहो आई' आहे. त्या 'अहो'मध्ये ती आई आहे आणि नाही, दोन्ही आलं. नवऱ्याला नावानं हाक मारणारी बायको सासरची मंडळी आली की नाव टाळून नुसतं 'अरे, ऐक ना' करते, हेही तुम्ही पाहिलं असेल. पात्रांची यादी करताना वय, उंची, केसांचा रंग कशाला लिहिता? कोण कोणाला काय म्हणतो तेवढा एक तक्ता करा. माझ्या वहीत प्रत्येक कथेच्या मागच्या पानावर तो असतो.

'म्हणाला' पुन्हा पुन्हा येतो म्हणून 'उद्गारला', 'उत्तरला', 'वदला' आणू नका. 'म्हणाला' डोळ्याला दिसत नाही, 'उद्गारला' दिसतो. बोलणाऱ्यांची नावं झाकून संवाद दुसऱ्याला वाचायला द्या. कोण बोलतंय ते त्याला ओळखता आलं नाही, तर नावं लिहूनही फारसा उपयोग नाही.

किती वेळा लिहायची? माझी कथा चार खेपा घेते. तुमची दोन घेईल किंवा नऊ. पहिला खर्डा झाला की तो निदान तीन आठवडे नजरेआड ठेवा, नंतर मोठ्यानं वाचा. जिथे श्वास कमी पडतो तिथे वाक्य तोडा आणि जिथे वाचताना स्वतःचीच लाज वाटून आवाज बारीक होतो तिथे काट मारा. रोज लिहावं का, असं तळटीपेत विचारलंय. मला जमलं नाही. नोकरी होती, घरात आजारी माणूस होतं. आठवड्याचे दोन दिवस ठरलेले होते, तेवढे मात्र सोडले नाहीत.

चार खेपा घेऊनही जे सुटतं ते सुटतंच. माझ्या एका कथेत गणपतीच्या दिवसांत शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी चालू होती. छापून आल्यावर सोलापूरकडून एक पोस्टकार्ड आलं: 'बाई, गणपतीत आम्ही शाळूची पेरणी कधी करायची ते बघत असतो. काढणी माघात.' कथेबद्दल चकार शब्द नाही. त्यानंतर पीक, नक्षत्र, सोयर-सुतक, एसटीच्या वेळा या गोष्टी मी ज्याच्या रोजच्या आहेत त्याला विचारल्याशिवाय लिहीत नाही. पुस्तकात बघून भागत नाही, कारण माणूस उत्तर देताना जो शब्द वापरतो तोच आपल्याला हवा असतो.

आता चोरी. थोडक्यात सांगते. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. कथा लिहिलीत की तिच्यावर तुमचा हक्क आला, नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं टिकतो. पण हक्क असतो तो तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर, कल्पनेवर नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1978 सालीच एका नाटक-चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलंय. तुमच्या तिसऱ्या कथेतल्यासारखे विहिरीवरून भांडणारे मामा-भाचे तुमच्याआधी शेकडो लोकांनी लिहिलेत, नंतरही लिहितील. त्याची काळजी सोडा आणि कागदावर सही करताना जी घ्यायला हवी ती घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा. दिवाळी अंकाला कथा देताना 'एकदा छापण्यापुरती' असं सोबतच्या पत्रात लिहा. मी लिहीत नव्हते. त्यापायी एका कथेवरच्या एकांकिकेचे प्रयोग मला प्रेक्षकांत बसून, तिकीट काढून बघावे लागले.

पाठवायचंच असेल तर मे-जूनमध्ये पाठवा. 1909 साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपल्याकडची कथेची मोठी पेठ आहे, पण तिची कामं पावसाळ्यातच उरकतात. नवरात्रात आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते. युनिकोडमधली फाईल पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा. छापखान्याच्या फॉन्टमध्ये जाताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा 'र' हमखास मोडतो, पीडीएफ असली की मूळ काय होतं ते कळतं. एकच कथा तीन अंकांना धाडू नका, संपादक एकमेकांशी बोलतात. मानधन किती ते आधी विचारा, लाजू नका.

राहिली तुमची तिसरी कथा, विहिरीची. तिन्हींत तीच मला आवडली. तिच्यात मामा पाच पानं भाच्याशी अरे-तुरे बोलतो आणि सहाव्या पानावर, विहिरीच्या काठाशी, एकदाच 'बसा' म्हणतो. मामाची मुलगी भाच्यानं केलेली नाही, तेव्हा जावई म्हणून मान द्यायचा प्रश्न येत नाही. ही टायपिंगची चूक आहे की तुम्ही मुद्दाम लिहिलंय? चूक असेल तर 'बस' करा. मुद्दाम असेल तर पहिली पाच पानं बाजूला ठेवा, त्या 'बसा'पासून कथा लिहून बघा आणि मग मला पाठवा.